लांब पल्ल्याचे धावणे: विदर्भातील गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील गावांमधून पहाटे पळणारी मुले-मुली, शेतकरी, शिक्षक आणि गृहिणी मला मैदानावर आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. शहरातल्या धावपटूसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण इथला धावपटू सकाळी आठ किलोमीटर पळतो आणि नंतर दिवसभर वावरात राबतो, आणि त्या राबण्याची नोंद कोणत्याही वेळापत्रकात नसते. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत मिसळतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी आजवर कधीच पळालो नाही. सुरुवात कुठून करावी?

पहिले दोन आठवडे पळूच नये, रोज अर्धा तास झपाझप चालावे. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट सावकाश पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे दहा फेरे एक दिवसाआड करावेत आणि दर आठवड्याला पळण्याचा भाग थोडा वाढवावा. या गतीने साधारण दहा आठवड्यांत बहुतेकांना सलग अर्धा तास पळता येऊ लागते. ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, ज्यांना रक्तदाब किंवा साखर आहे, किंवा ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ किंवा भोवळ जाणवली, तर त्याच क्षणी थांबावे आणि दवाखाना गाठावा. सिकलसेलची (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची) तपासणी झालेली नसेल तर प्रश्न १९ आधी वाचावा.

२. मी रोज जीव तोडून पळतो, तरी माझी वेळ सुधारत नाही. कुठे चुकते?

रोज जीव तोडण्यातच चुकते. मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि याच उत्तरावर लोकांचा विश्वास सर्वांत उशिरा बसतो.

सावकाश आणि बराच वेळ पळल्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि स्नायूंच्या पेशींमध्ये प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणा अधिक सक्षम होते. हे बदल आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने होतात. जोरात पळण्याचाही उपयोग आहे, परंतु त्यानंतर शरीराला झीज भरून काढण्यासाठी एक-दोन दिवस लागतात. ते दिवस मिळाले नाहीत तर झीज साचत जाते आणि वेळ आहे तिथेच अडकून पडते. जगातील उत्तम लांब पल्ल्याचे धावपटू आपल्या सरावाचा साधारण ८० टक्के भाग सावकाश गतीने करतात, ही गोष्ट पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सांगतो, कारण त्याच्या सरावात हे प्रमाण बहुधा नेमके उलटे असते.

आमच्या मैदानावर एक मुलगा रोज पहाटे १६०० मीटर घड्याळ लावून पळायचा. चार महिने त्याची वेळ सहा मिनिटांच्या खाली येत नव्हती. सहा आठवडे त्याचे घड्याळ मी माझ्याकडे ठेवून घेतले आणि त्याला आठवड्यातून चार दिवस सहा ते आठ किलोमीटर गप्पा मारत पळायला आणि एकच दिवस ४०० मीटरचे वेगवान फेरे मारायला सांगितले. पहिले दोन आठवडे तो माझ्यावर नाराज होता. घड्याळ परत दिले त्या सकाळी तो पाच मिनिटे बेचाळीस सेकंदांत आला आणि रेषा ओलांडल्यावर वाकून गुडघ्यांवर हात न ठेवता चालत माझ्याकडे आला. माझ्या दृष्टीने ते चालत येणे वेळेपेक्षा मोठे होते.

३. सावकाश म्हणजे नेमके किती सावकाश?

काल वावरात काय काय काम झाले, हे सोबत्याला पूर्ण वाक्यांत सांगता आले पाहिजे इतके. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गती जास्त आहे. सुरुवातीला या गतीत चढावर चालावे लागते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

४. अर्ध मॅरेथॉनसाठी आठवड्याचे वेळापत्रक कसे असावे?

अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर आणि पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर. आठ किलोमीटर आरामात पळू शकणाऱ्याला अर्ध मॅरेथॉनच्या तयारीसाठी बारा आठवडे पुरतात. आठवड्यात चार दिवस पळावे: दोन दिवस सहा-सात किलोमीटर सावकाश, एक दिवस थोडा वेग (चांगले अंग गरम झाल्यावर तीन-तीन मिनिटांचे पाच-सहा जोरकस टप्पे, मध्ये दोन मिनिटे हलके पळणे), आणि एक दिवस लांब पल्ला. लांब पल्ला आठ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवावा, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावा आणि शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी सोळा ते अठरा किलोमीटरपर्यंत न्यावा. त्यानंतर अंतर घटवत आणावे. शेवटच्या आठवड्यात जास्त पळून काहीही कमावता येत नाही, फक्त गमावता येते. उरलेल्या तीन दिवसांचे काय करायचे, ते पुढच्या उत्तरावर अवलंबून आहे.

५. शेतीची कामे सरावात धरायची की नाही?

धरायचीच. डवरणी करताना बैलांमागे दिवसभरात जे अंतर चालले जाते, ते ढेकळांतून आणि हातांवर जोर देऊन चाललेले असते. निंदणात आणि कापूस वेचणीत कंबर आणि मांडीचा मागचा भाग तासन् तास ताणलेला असतो. सोयाबीनची कापणी तर दुसऱ्या दिवशी जिना चढू देत नाही. असे काम झालेला दिवस मी वहीत "जड" असा लिहायला सांगतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी वेगाचा सराव ठेवत नाही. सावकाश पळावे किंवा विश्रांती घ्यावी. वेचणीच्या हंगामात आठवड्याला चारऐवजी तीन दिवस पळाले तरी तयारी मोडत नाही. एकदा कमावलेला दम कमी सरावावरही बरेच आठवडे टिकतो, मात्र त्या तीन दिवसांतला एक थोडा वेगाचा असावा.

रात्रीच्या जागरणाचा हिशेब वेगळा आहे. रब्बीत कृषिपंपाची वीज रात्री येते तेव्हा हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला रात्रभर धुऱ्यावर उभे राहावे लागते. कुणाला रानडुकरांच्या राखणीसाठी जागलीला जावे लागते. अशा रात्रीनंतर पहाटे पळू नये, झोपावे. झोपेत शरीर दुरुस्त होते आणि ती बुडवून केलेला सराव बहुधा दुखापतीच्या खात्यावर जमा होतो.

६. गावात ट्रॅक नाही आणि फोनचे अंतर रोज वेगळे येते. अंतर कसे मोजावे?

सायकलने. पुढच्या चाकाच्या एका ताराला लाल चिंधी बांधावी आणि टायरवर खडूची खूण करावी. ती खूण जमिनीला टेकवून सायकल सरळ ढकलावी आणि खूण पुन्हा जमिनीला लागेपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने मोजावे. मोठ्या सायकलच्या चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटरचा असतो, म्हणजे ४०० मीटरसाठी १९० फेरे आणि एका किलोमीटरसाठी ४७६. हवा नीट भरलेली असावी आणि मोजताना स्वार न होता सायकल हाताने न्यावी. फेरे एकाने मोजावेत आणि दर शंभराला दुसऱ्याने एक खडा खिशात टाकावा. रस्त्याकडेच्या कडुलिंबाला किंवा पुलाच्या कठड्याला चुन्याची खूण केली की पुढची कित्येक वर्षे गावातल्या सगळ्यांची सोय होते. मोठ्या शर्यतींचे मार्गसुद्धा सायकलच्या चाकाला फेरे मोजणारे यंत्र लावूनच मोजले जातात.

७. अनवाणी पळालेले चालते का? बूट घ्यायला पैसे नाहीत.

इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, आणि अनवाणी धावण्यासाठी ओळखले जाणारे आपले शिवनाथ सिंग १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन धावले, हे दोन्ही खरे आहे. परंतु बिकिला १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून धावले आणि तिथेही जिंकले, तेही रोमपेक्षा कमी वेळात, हेही खरे आहे. ज्यांचे पाय लहानपणापासून अनवाणी आहेत त्यांनी स्वच्छ मैदानावर थोडे अंतर तसे पळायला हरकत नाही. बाभळीचे काटे, पऱ्हाटीचे खुंट आणि काचा असलेल्या वाटेवर मात्र नाही. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी कधीच पळू नये. बूट महाग नसला तरी चालेल. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना मापून घ्यावा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी आणि टाच घट्ट बसावी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळवा बसतो, म्हणून बूट घेतल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी.

८. डांबरी रस्त्यावर पळावे की पांदणीने?

उन्हाळ्यापूर्वीची कोरडी, चाकोरी दबलेली पांदण सर्वांत चांगली. एप्रिलनंतर काळ्या मातीला भेगा पडतात आणि घोटा मुरगळण्याची भीती असते. पावसाळ्यात तीच माती बुटाला थरावर थर चिकटून पाय उचलू देत नाही. त्या दोन्ही काळांत डांबरी रस्ताच बरा. समोरून येणारे वाहन दिसेल असे उजव्या बाजूने पळावे आणि अंधारात अंगावर पांढरा सदरा असावा. सिमेंटचा रस्ता पायांना कठीण लागतो, तेव्हा लांब पल्ला त्यावर ठेवू नये.

९. आहार काय असावा? प्रोटीन पावडर लागते का?

लागत नाही. नियमित पळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ८०. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत किंवा हरभऱ्यात सुमारे २० ते २२ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, दूध किंवा ताक, आणि जमेल तेव्हा अंडी, इतक्यात हिशेब पुरा होतो. अडचण बहुधा वेगळीच असते: वरण पातळ असते आणि मुले सकाळी पळून आल्यावर दहा-अकरा वाजेपर्यंत उपाशी राहतात. पळून आल्यावर तासाभरात पोटात काहीतरी जावे, भिजवलेले हरभरे आणि गूळ असले तरी पुरे. पळण्यापूर्वी एक केळे चालते. तर्री-पोहे पळून आल्यावरच खावेत. उपवासाच्या दिवशी सावकाश आणि थोडेच पळावे.

१०. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्याने पळण्यावर खरेच फरक पडतो का?

पडतो. तंबाखूतील निकोटीनमुळे नाडी वाढते आणि रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे त्याच गतीसाठी हृदयाला जास्त काम करावे लागते. परंतु खरी काळजी तोंडाची आहे. सुपारीमुळे गालांच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे, कारण पुढे याच जागी कर्करोग होऊ शकतो. अठरा-एकोणीस वर्षांची, उत्तम पळणारी मुले मी दोनच बोटांवर अडकलेली पाहिली आहेत. पळायला येताना खर्रा घरी ठेवून या, एवढी विनंती मी करतो. पळण्याचे दोन तास हे अनेकांसाठी दिवसातले पहिले मोकळे दोन तास ठरतात आणि सोडण्याची सुरुवात तिथून होते.

११. एप्रिल-मे मध्ये सराव बंद ठेवावा का?

बंद ठेवू नये, परंतु त्याची अपेक्षा बदलावी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रसुद्धा नीट थंड होत नाही. उष्णतेला सरावण्यासाठी शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि नाडी खाली येते. म्हणून मार्चअखेरपासून अंतर कमी ठेवून हळूहळू सवय करावी, सूर्योदयाच्या आधी पळणे आटोपावे आणि गती घड्याळावर न ठरवता प्रश्न ३ मधल्या बोलण्याच्या कसोटीवर ठरवावी. नवतपाच्या नऊ दिवसांत मी वेगाचा सराव पूर्ण बंद ठेवतो.

पळणारा सोबती अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा चिडखोर झाला, तर तो उष्माघात समजावा आणि अंग घामाने ओले आहे म्हणून निश्चिंत राहू नये. अशा वेळी गाडीची वाट पाहत बसू नये. जवळच्या गुरांच्या पाण्याच्या हौदात डोके वर धरून त्याला मानेपर्यंत बसवावे. हौद नसेल तर सावलीत नेऊन विहिरीचे पाणी सतत ओतत वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा. आधी थंड करणे, मग दवाखान्यात नेणे, हा क्रम जीव वाचवतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

१२. लांब पल्ल्यात पाणी किती प्यावे?

तहानेप्रमाणे. एका तासापर्यंतच्या पळण्यात बहुधा लागतच नाही. त्यापुढे दर वीस मिनिटांनी काही घोट घ्यावेत आणि दीड तासाच्या पुढे साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरही घ्यावी. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. प्रमाण वाढवू नये. हिवाळ्यात सोललेला संत्रा हे उत्तम खाद्य आहे. बळेबळे खूप पाणी पिणेही घातक असते, कारण रक्तातील सोडियम उतरून उलटी, डोकेदुखी आणि भ्रम होऊ शकतो. शर्यतीत वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले आहे.

१३. नळीचे हाड दुखते. दुखणे अंगावर काढून पळावे का?

हाडाच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेले दुखणे सुरुवातीला जाणवून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर दोन आठवडे अंतर निम्मे करावे, मऊ जागी पळावे आणि रोज पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम करावा. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, पळताना वाढत जात असेल आणि रात्री ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. अशा वेळी पळणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो तडा अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे साफ आला म्हणून लगेच पळायला लागू नये.

१४. मी दोन मुलांची आई आहे. पळायला निघाले की लोक बोलतात. काय करू?

ताई, एकट्याने निघू नका, तिघी-चौघी मिळून निघा. पहिला महिना लोक बोलतात, दुसऱ्या महिन्यात वेळ विचारतात, आणि तिसऱ्या महिन्यात त्यातलीच एखादी बाई चपला काढून शाळेच्या मैदानावर उभी असते. हे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. मैदान, वेळ आणि परतण्याची वाट घरी सांगून ठेवावी.

दम लवकर लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावे. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली असणे म्हणजे पंडुरोग, आणि तो भरून निघाल्याशिवाय कोणताही सराव फळत नाही. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर नाही. मासिक पाळीत बरे वाटत असेल तर पळण्यास हरकत नाही. मात्र सराव वाढवल्यावर पाळी काही महिने चुकली, तर खाणे कमी पडत आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणानंतर डॉक्टरांची परवानगी घेऊन प्रश्न १ प्रमाणे पुन्हा चालण्यापासून सुरुवात करावी.

१५. भरतीचे वय उलटले. आता सकाळी उठावेसेच वाटत नाही. कशासाठी पळू?

हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो तो मला ठाऊक आहे, म्हणून मी घाईने उत्तर देत नाही. पाच-सहा वर्षे एकाच जाहिरातीकडे डोळे लावून पळालेल्या माणसाचा थकवा पायांत नसतो. त्याने एक महिना पळू नये, आणि त्याबद्दल कुणी त्याला बोलूही नये.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात घ्यावी. पोलीस भरतीचे १६०० आणि ८०० मीटर किंवा वनरक्षकाचे पाच आणि तीन किलोमीटर ही अंतरे तरुणपणीच्या वेगाची आहेत. लांब पल्ला वयाला बराच काळ साथ देतो. केनियाचे एलियुड किपचोगे यांनी २०२२ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. भरतीसाठी कमावलेला पाया अर्ध मॅरेथॉनला थेट उपयोगी पडतो, आणि तिथे कुणी वय विचारून परत पाठवत नाही.

उठण्यासाठी मन तयार होण्याची वाट पाहू नये. कपडे रात्रीच खाटेजवळ ठेवावेत, सोबत्याला एसटी थांब्यावर ठरलेल्या वेळी बोलवावे, आणि दहा मिनिटे पळून परतायची मुभा स्वतःला खरोखर द्यावी. गावातल्या दोन-चार लहान मुलांना शिकवायला घेतल्यास फारच उत्तम; मुले मैदानावर वाट पाहत असली की झोप आपोआप मोडते.

१६. चाचणीच्या आधी दम वाढवणारे इंजेक्शन घेतात असे ऐकले. त्याने नुकसान होते का?

होते. त्या कुपीत काय आहे हे देणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. उत्तेजके आणि स्टिरॉइड हृदयावर आणि यकृतावर परिणाम करतात, आणि उन्हात जोर लावताना उत्तेजक घेतलेला माणूस थकव्याची धोक्याची सूचनाच गमावून बसतो. कुणी देऊ केले तर घेऊ नये आणि घरी सांगावे.

१७. फवारणीच्या दिवसांत पळावे का?

ज्या दिवशी स्वतः फवारणी केली, त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी जोरात पळू नये. कीटकनाशक श्वासातूनच नव्हे, तर घामेजलेल्या त्वचेतूनही शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि त्यानंतरही उघड्या अंगाने पंप पाठीवर घेतलेली माणसे मला दर ऑगस्टमध्ये दिसतात. फवारणीनंतर साबणाने अंघोळ करावी, ते कपडे वेगळे धुवावेत आणि पळण्याचे कपडे त्यांत मिसळू नयेत. ज्या बाजूच्या पऱ्हाटीत फवारणी चालू आहे, त्या वाटेने जाऊ नये. तोंडाला लाळ सुटणे, अंधुक दिसणे, मळमळ आणि बारीक झालेली बाहुली ही लक्षणे पळण्याच्या थकव्याची नाहीत; औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जावे.

१८. वाटेत कुत्रे, साप आणि आमच्याकडे तर वाघही आहेत. काय काळजी घ्यावी?

कुत्रे अंगावर आले तर पळू नये. थांबावे, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे. चावा घेतल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पावसाळ्यात पहाटे विजेरीशिवाय धुऱ्यावरून पळू नये. साप चावल्यास करकचून बांधणे, कापणे किंवा चोखणे यांपैकी काहीही करू नये. पाय हलू न देता ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल अशा जंगलालगतच्या भागांत पहाटेच्या अंधारात एकट्याने जंगलकडेच्या वाटेने पळू नये, हा नियम मी कोणासाठीही सैल करत नाही. मोहफूल वेचायच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत तर नाहीच. तिथल्या मुलांनी उजाडल्यावर, गावातल्या शाळेच्या मैदानावर आणि गटाने सराव करावा. दोनशे मीटरच्या फेऱ्या मारून लांब पल्ला कंटाळवाणा होतो, परंतु तो होतो.

१९. मला सिकलसेल आहे, किंवा घरात कुणाला आहे. मी पळू शकतो का?

पूर्व विदर्भात हा प्रश्न प्रत्येक धावपटूने स्वतःला विचारावा, कारण गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे आणि अनेकांना आपण वाहक (हा दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले) आहोत हे ठाऊकच नसते. प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते आणि ती सकारात्मक आल्यास पुढच्या चाचणीतून वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळतो.

प्रत्यक्ष आजार असलेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पळण्याचा सराव सुरू करू नये. वाहक मात्र सामान्यतः निरोगी असतो आणि लांब पल्ल्याचे धावणे त्याला जमते. धोका असतो तो तयारीशिवाय, उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, न थांबता पूर्ण ताकदीने लावलेल्या जोरात. म्हणजे भरतीच्या मैदानावर बहुतेक मुले जे पहिल्याच दिवशी करतात, त्यातच. अशा वेळी मांड्या, पोटऱ्या किंवा कंबर अचानक अशक्त आणि वेदनामय होतात आणि माणूस शुद्धीत असतानाच खाली बसतो. साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, इथे तो हाताला मऊ लागतो. असा मुलगा आळस करतो आहे असे समजून त्याला उठवून पुन्हा पळवू नये. त्याला निजवावे, १०८ बोलवावे आणि तो वाहक आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. वाहकाने सराव प्रश्न २ मधल्या पद्धतीनेच वाढवावा, वेगाच्या दोन फेऱ्यांमध्ये पूर्ण विश्रांती घ्यावी, तापात किंवा जुलाबानंतर पळू नये, आणि आपला तपासणी अहवाल काय आहे हे रोजच्या सोबत्याला सांगून ठेवावे.